भारतातला मिक्सर, ब्रिटिश प्लग: फ्यूज ३ चा घालायचा की १३ चा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला येताना तुम्ही ७५० वॉटचा मिक्सर सोबत आणलात. भारतातली पिन कापून तिथला तीन चपट्या पायांचा प्लग बसवलात. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्यात ३ अँपिअरचा फ्यूज घातलात. चटणीला चालला, इडलीचं पीठ वाटताना उडाला. दुसरा ३ चा घातला, तोही उडाला. मग १३ चा घातला आणि तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. आता विचारताय की १३ चा तसाच राहू दिला तर मिक्सर जळेल का.

मिक्सरचं काय होईल हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. प्लगमधला फ्यूज असतो तो मिक्सरपासून प्लगपर्यंत येणाऱ्या वायरसाठी. १३ चा चालेल की नाही हे ती वायर किती जाड आहे यावर ठरतं, आणि नेमकं तेच तुमच्या प्रश्नात नाही. म्हणून सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. वायर कशी ओळखायची ते सांगतो, मग उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

भारतात पिनमध्ये फ्यूज नसतो, मग ब्रिटनमध्येच का, इथून सुरुवात करू. आपल्याकडे घरातल्या डीबीपासून (वीज घरभर वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून) एकेका बोर्डाकडे स्वतंत्र लाइन जाते. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमागे ६ किंवा १० चा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच), गिझर-एसीच्या मोठ्या सॉकेटमागे १६ किंवा २० चा. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात युद्धानंतरच्या घरबांधणीचा विचार सुरू झाला तेव्हा तांब्याची टंचाई होती. १९४२ मध्ये नेमलेल्या समितीने तांबं वाचवणारी ‘रिंग’ची पद्धत पुढे आणली. डीबीतून निघालेली २.५ चौरस मिलिमीटरची केबल सगळ्या सॉकेटना शिवत फिरून परत डीबीतच येते, म्हणजे प्रत्येक सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी मिळते. या सबंध रिंगवर पूर्वी ३० अँपिअरचा फ्यूज असे, आता ३२ चा एमसीबी असतो.

त्यातून अडचण अशी उभी राहते. टेबललॅम्पची वायर ३ अँपिअरची, आणि तिच्यामागे थेट ३२ चा एमसीबी. वायर कुठे चेपली, आतलं आवरण अर्धवट गेलं आणि तिच्यातून २० अँपिअर वाहू लागले तर एमसीबीच्या हिशेबाने हे सगळं ठीकच आहे, तो हलणार नाही. वायर मात्र वितळून पेटेल. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात त्या त्या वायरच्या कुवतीचा फ्यूज घालायचा असं ठरलं. बीएस १३६३ हे प्लगचं मानक १९४७ मध्ये आलं. आतल्या फ्यूजचं मानक वेगळं आहे, बीएस १३६२. हाच प्लग दुबई, दोहा, मस्कत, सिंगापूर आणि डब्लिनमध्येही आहे, त्यामुळे तिथल्या मंडळींनाही पुढचं सगळं लागू आहे. काही ठिकाणी घरात रिंग नसते, तरी प्लगमधल्या फ्यूजचं काम बदलत नाही.

आता फ्यूजच हातात घेऊन बघा. साधारण एक इंच लांब, पाव इंच जाड पांढरी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. नळी सिरॅमिकची असते आणि आत बारीक वाळू ठासलेली असते. वाळूतून एक बारीक तार जाते. शॉर्ट सर्किट झालं की ही तार वितळते, पण तार तुटल्यावरही त्या फटीत ठिणगीच्या रूपाने प्रवाह चालूच राहू पाहतो. वाळू ती उष्णता शोषून घेते, स्वतः वितळून काचेसारखी होते आणि ठिणगी विझवते. यामुळेच हा एवढासा फ्यूज ६००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह न फुटता तोडू शकतो. रेडिओ-ॲम्प्लिफायरमधले काचेचे फ्यूज आकाराने जवळपास तसेच दिसतात, पण साध्या काचेच्या फ्यूजची ही ताकद नसते. तो प्लगमध्ये बसवायचा नाही. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या काही फ्यूजमध्ये आत वाळूच नसते. घेताना अंगावर बीएस १३६२ आणि तपासणी संस्थेची खूण आहे का पाहा आणि विजेच्या सामानाच्या नेहमीच्या दुकानातूनच घ्या, एवढ्या पैशासाठी धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आकडा छापलेला असतोच, रंगही ठरलेला आहे: ३ अँपिअरचा लाल, १३ चा तपकिरी, ५ चा काळा. १, २, ७ आणि १० चेही मिळतात, तेही काळे, म्हणून काळा दिसला की आकडा वाचूनच घ्या. दुकानात सहज मिळतात ते ३, ५ आणि १३.

आकड्याबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. १३ चा फ्यूज १३.१ अँपिअरला उडत नाही. तो २० अँपिअरवरसुद्धा बराच काळ टिकून राहतो. दुप्पट, म्हणजे २६ च्या आसपास गेला तर काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत जातो. शेकडो अँपिअरचं शॉर्ट सर्किट असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. ३ च्या फ्यूजचंही त्याच प्रमाणात. आकडा सांगतो की एवढा प्रवाह हा फ्यूज कायम वाहू देईल. उडण्याची पातळी त्याच्या बरीच वर असते.

हे लक्षात घेतलं की तुमचे दोन फ्यूज का गेले ते उलगडतं. ७५० ला २३० व्होल्टने भागलं की ३.२६ अँपिअर येतात. एवढ्यावर ३ चा फ्यूज उडायला नको, आणि चटणीला तो उडालाही नाही. पण मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट प्रवाह घेते. पीठ घट्ट असेल आणि पातं अडलं, मोटर गुरगुरत जागच्या जागी थांबली, तर तो जास्तीचा प्रवाह क्षणभराचा राहत नाही, टिकून राहतो. शिवाय ‘पल्स’ देत दहादा चालू-बंद केलं की दर वेळी फ्यूजची तार तापते आणि निवते, आणि हळूहळू कमकुवत होते. एक दिवस साध्या सुरुवातीलाच तुटते. म्हणजे फ्यूज खराब नव्हता आणि बहुधा मिक्सरही नाही. मोटरच्या कामाला ३ चा फ्यूज लहान पडला.

शेजाऱ्यांनी ३ चा का सांगितला तेही समजण्यासारखं आहे. ढोबळ नियम असा आहे की ७०० वॉटपर्यंत ३ चा आणि त्यावर १३ चा. लॅम्प, चार्जर, छोटा टेबलफॅन यांना तो बरोबर बसतो. पण फ्रिज, व्हॅक्युम क्लीनर, मिक्सर यांत मोटर असते, त्यामुळे वॉट कमी दिसले तरी बहुतेकदा मोठा फ्यूज लागतो. फ्रिज चालताना १५० वॉटच घेतो आणि तरी त्याच्या प्लगमध्ये कंपनीनेच १३ चा घातलेला असतो, तो याचमुळे.

आता वायर. मिक्सरच्या काळ्या किंवा पांढऱ्या कॉर्डवर बोटभर अंतराने काहीतरी छापलेलं किंवा उठवलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरलात की दिसेल. ‘३ × ०.७५’ किंवा ‘३जी०.७५’ असं काहीसं असेल. पहिला ३ म्हणजे आत तीन वायरी. ‘जी’ म्हणजे त्यातली एक हिरवी-पिवळी अर्थिंगची. ‘जी’च्या जागी ‘एक्स’ हे अक्षर असेल तर अर्थिंगची वायर नाही. भारतीय कॉर्डवरच्या ‘३ × ०.७५’ मधलं × मात्र नुसतं गुणाकाराचं चिन्ह, त्यावरून अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. शेवटचा आकडा तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. ०.५ ची वायर ३ अँपिअर सहन करते, ०.७५ ची ६, १ ची १० आणि १.२५ ची १३.

७५० वॉटच्या मिक्सरला बहुतेकदा ०.७५ ची असते. तशी असेल तर मी पहिल्यांदा ५ चा फ्यूज घालून बघा म्हणेन. तो वायरच्या ६ अँपिअरच्या मर्यादेत बसतो, मिक्सरच्या सव्वातीन अँपिअरला पुरतो आणि सुरुवातीचा झटकाही बहुतेक वेळा झेलतो. इडली-डोशाचं पीठ आठवडाभर वाटून तो टिकला तर विषय संपला. ५ चाही उडायला लागला तर १० चा शोधा, नाही मिळाला तर १३ चा.

इथे तुम्ही म्हणाल, ६ अँपिअरच्या वायरला १३ चा फ्यूज कसा काय चालतो? रास्त शंका आहे. ०.७५ च्या वायरसोबत १३ चा फ्यूज ब्रिटिश मानकाला मान्य आहे, तिथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी उपकरणांना तो तसाच असतो. वायरवर दोन प्रकारची संकटं येतात. एक शॉर्ट सर्किट: त्यात १३ चा फ्यूज इतक्या चटकन तुटतो की ०.७५ ची वायर तापून खराब व्हायला वेळच मिळत नाही. दुसरं म्हणजे रेंगाळणारा जास्तीचा प्रवाह, समजा १२ अँपिअर, दहा मिनिटं. तो १३ चा फ्यूज अडवणार नाही. तो मिक्सरनेच अडवायचा असतो, आणि त्यासाठी मिक्सरच्या बुडाशी ओव्हरलोडचं छोटं लाल बटण असतं. मोटर अडली की ते खट्कन बाहेर येतं, मिक्सर बंद पडतो, थोड्या वेळाने दाबून परत चालू करायचा.

म्हणून १३ चा ठेवण्याआधी मिक्सर उलटा करून ते बटण बघाच. भारतात दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरमध्ये हे बटण वारंवार ट्रिप होतं म्हणून कारागिराने दोन्ही वायरी जोडून ‘डायरेक्ट’ केल्याचं सर्रास आढळतं. बटण जागेवर दिसतं, पण त्यातून प्रवाहच जात नाही. घट्ट पिठात मोटर अडूनही बटण कधीच बाहेर आलेलं नसेल, किंवा दुरुस्तीत ‘डायरेक्ट’ केल्याचं सांगितलेलं असेल, तर १३ चा फ्यूज घालू नका. बटण बदलून घ्या, फार खर्चाचं काम नाही. तोवर ५ चा फ्यूज, आणि वाटण पातळ ठेवून थोडं-थोडं.

कॉर्ड ०.५ ची निघाली तर मात्र ३ च्या वर जायचं नाही. मग बदलायची ती कॉर्ड. तीन वायरींची १ चौरस मिलिमीटरची दीड मीटर कॉर्ड घ्या आणि जमत नसेल तर कोणाकडून बसवून घ्या. कॉर्डवर काहीच छापलेलं नसेल तर ती ०.५ चीच समजा.

फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही, हेही डोक्यात पक्कं असू द्या. माणसाच्या अंगातून जाणारे काही दशांश अँपिअरसुद्धा जीवघेणे ठरतात आणि ३ च्या फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही. त्यासाठी डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीडी असतो, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. भारतात त्यालाच आपण आरसीसीबी म्हणतो, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. भाड्याच्या जुन्या घरात तो आहे का बघून घ्या. डीबीतल्या ‘टेस्ट’ लिहिलेल्या बटणावरून ओळखता येतो. नसेल तर घरमालकाला विचारा.

प्लग तुम्ही स्वतः बसवला आहे, म्हणून तो एकदा उघडून तपासा. सॉकेटमधून काढा, झाकणाचा स्क्रू सोडवा आणि प्लगचे पाय खाली, अर्थिंगचा मोठा पाय वरच्या अंगाला असा धरा. उजवीकडे फ्यूज असतो आणि त्या फ्यूजला जोडलेल्या स्क्रूला फेज यायला हवी. भारतातल्या नव्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, म्हणजे ब्रिटनसारखंच. जुन्या मिक्सरच्या कॉर्डमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग असते. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तर मिक्सर तसाच चालतो, त्यामुळे चूक कळत नाही. पण मग फ्यूज न्यूट्रलवर बसलेला असतो. तो उडाला की मिक्सर बंद पडेल, आत मात्र फेज जिवंतच राहील. आणि बंद मिक्सर उघडायला माणूस बिनधास्त हात घालतो.

अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी सैल आणि लांब ठेवा. कॉर्डला हिसका बसून वायरी निघाल्याच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी निघाली पाहिजे. स्क्रूखाली जाणारं तांबं पीळ घालून दुमडून घाला, एकही तंतू बाहेर राहू देऊ नका. टोकांना सोल्डर लावायचा मोह टाळा, दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि सांधा तापायला लागतो. कॉर्ड जिथे प्लगमध्ये शिरते तिथल्या पट्टीखाली बाहेरचं जाड आवरण चेपलं गेलं पाहिजे. नुसत्या आतल्या वायरी तिथून दिसत असतील तर आवरण जास्त सोललंय, कापून परत करा. शेवटी फ्यूज त्याच्या चिमट्यांत घट्ट बसतोय ना ते अंगठ्याने दाबून बघा. सैल चिमटा हे प्लग काळे पडण्याचं नेहमीचं कारण आहे. १३ अँपिअरजवळ चालणाऱ्या किटलीचा प्लग कोमट लागणं ठीक, पण हात ठेववत नसेल किंवा फ्यूजच्या टोपीवर तपकिरी-निळसर डाग दिसत असतील तर प्लग आणि फ्यूज दोन्ही टाकून द्या. सॉकेटही बघून घ्या, बहुतेकदा त्याचं त्या बाजूचं भोकही आतून जळलेलं असतं.

पुढच्या वेळी फ्यूज उडाला तर लगेच मोठा घालायचा नाही. सिरॅमिकच्या नळीतून तार दिसत नाही, म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोप्यांना टोकं लावा. बीप आली तर फ्यूज शाबूत आहे, दोष दुसरीकडे. उडालेला असेल तर कधी उडाला ते आठवा. जड वाटणात, काही मिनिटांनी गेला असेल तर वर सांगितलेलं ओव्हरलोडचं प्रकरण. प्लग लावल्या लावल्या किंवा बटण फिरवताक्षणी गेला असेल तर शॉर्ट सर्किट आहे. तेव्हा बहुधा डीबीतला ३२ चा एमसीबीही सोबत ट्रिप होईल, कारण तोही त्याच क्षणी तेवढाच प्रवाह बघतो. अशा मिक्सरला दुसरा फ्यूज घालून ‘बघू चालतोय का’ करायचं नाही, कॉर्ड मिक्सरमध्ये शिरते तिथे ती आधी तपासायची. सतत वाकून वाकून तिथेच ती आतून तुटते. आणि आपल्याकडे किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळून घालायची सवय असते, तिचाच तिथला अवतार म्हणजे उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं. त्यानंतर ती कॉर्डच फ्यूज होते आणि ती स्वयंपाकघरातल्या पडद्याजवळ पेटते.

अडॅप्टरचं विचारलं नाहीत, पण घरात भारतातली आणखी उपकरणं असणारच. मोबाइल चार्जरला विमानतळावरचा अडॅप्टर चालतो. मिक्सर, इस्त्री, वेट ग्राइंडर यांना नको, त्यातल्या अनेकांत अर्थिंगचा संबंधच जोडलेला नसतो. काही ब्रिटिश घरांत दिवाणखान्यात गोल पायांचं छोटं सॉकेट दिसतं आणि आपली ६ अँपिअरची पिन त्यात हुबेहूब बसते, कारण दोन्हींचा उगम एकाच जुन्या ब्रिटिश मानकात आहे. ते सॉकेट लॅम्पसाठी असतं, दिव्यांच्या लाइनवर, कधीकधी डिमरवर. त्यात मिक्सर लावू नका. नवा प्लग किंवा अडॅप्टर घेताना अर्थिंगच्या मोठ्या पायालाही प्लास्टिकचं काळं आवरण दिसलं तर तो नकली समजून ठेवून द्या. आवरण फक्त फेज आणि न्यूट्रलच्या पायांना असतं, अर्थिंगचा पाय पूर्ण उघडा धातूचा असायला हवा.

एक्स्टेन्शन बोर्डाचं गणित मात्र नीट समजून घ्या. बोर्डाला चार सॉकेट असोत की सहा, त्याच्या स्वतःच्या प्लगमधला १३ चा फ्यूज सगळ्यांना मिळून एकच. १३ गुणिले २३० म्हणजे २९९० वॉट. सकाळी ३००० वॉटची किटली आणि २००० वॉटची इंडक्शन शेगडी एकाच बोर्डावर चालू केलीत तर २१ अँपिअरच्या वर जातात. वर सांगितलं तसं १३ चा फ्यूज यालाही बराच वेळ दाद देत नाही, तोवर प्लग आणि बोर्ड दोन्ही तापून मऊ पडतात. त्यामुळे शेगडी आणि किटली थेट भिंतीतल्या वेगवेगळ्या सॉकेटना लावा. मिक्सर बोर्डावर चालेल, त्यासोबत दुसरं तापणारं काही नको. गुंडाळी असलेला लांब एक्स्टेन्शन वापरत असाल तर वायर पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून त्याच रीळावर गुंडाळलेला असताना आणि सोडलेला असताना असे दोन वेगळे आकडे लिहिलेले असतात, आणि गुंडाळलेल्याचा आकडा बराच लहान असतो.

तर आधी कॉर्डवरचा आकडा वाचा, मग मिक्सर उलटा करून लाल बटण बघा. ०.७५ असेल आणि बटण खरंच काम करत असेल तर ५ चा लावून पाहा, नाही टिकला तर आत्ताचा १३ चा राहू द्या. ०.५ निघाली तर आज संध्याकाळी पीठ वाटण्याआधीच १३ चा काढा. कॉर्डवर नेमकं काय छापलंय ते लिहून पाठवलंत तर पुढचं सांगतो.